दुसरी बाही

नवजात बाळाचं डोकं त्याच्या छातीपेक्षा मोठं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर भरतो आणि छातीचा त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. वर्षाच्या सुमाराला दोन्ही मापं बरोबरीला येतात आणि मग छाती पुढे निघते. हे मला डॉक्टरांच्या आधी आईनं सांगितलं होतं, स्वेटरच्या गळ्याबद्दल बोलताना. "बाळाचा स्वेटर डोक्यातून घालायचा करू नये. पुढून उघडा ठेव. मान धरत नाही तोवर बाळाला कपड्यात घालायचं नसतं, कपडा बाळाभोवती आणायचा असतो."

दिवाळीनंतर लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नाशिकला आली. सातवा संपत आला होता. तिच्या बॅगेत माझ्यासाठी लोकरीचे दोन गुंडे होते, प्रत्येकी ५० ग्रॅमचे. पांढऱ्या चाफ्याच्या पाकळीत अगदी मधे जो पिवळा असतो, त्या रंगाचे. तारीख जानेवारीच्या मध्यावरची होती, संक्रांतीच्या आगेमागे. नाशिकची थंडी तेव्हा ऐन भरात असते. "आई, एकच कर, पण तुझ्या हातचा कर," ती म्हणाली.

वीस वर्षांत मी सुया हातात घेतल्या नव्हत्या. पलंगाखालच्या पेटीत आईच्या सुया होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून ठेवलेल्या. रबर हात लावताच तुटलं. सुया मात्र तशाच गुळगुळीत. मी १० नंबरच्या काढल्या. आपल्याकडे सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. नमुन्याचा तुकडा विणला, धुतला, वाळवला, मग पट्टी ठेवून मोजला. दहा सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसत होते. बाळाची छाती ३३ धरली, आत झबलं, हातपाय हलवायला मोकळीक आणि दोन-तीन महिन्यांची वाढ धरून घेर ४५ ठेवला. म्हणजे १२६ टाके. पुढचे दोन भाग ३१-३१ चे, पाठ ६४ ची. काखेपर्यंत सगळं एकसंध विणायचं, मग तीन भाग वेगळे करायचे, खांदे जोडायचे आणि खांद्यापाशी टाके उचलून बाह्या खाली मनगटाकडे विणत न्यायच्या. त्यामुळे काखेत शिवण येत नाही. बाळाच्या काखेतली कातडी फार नाजूक असते, तिथे शिवणीची गाठ नको.

सगळा स्वेटर सुलट टाक्यांचाच करायचा ठरवला. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं की कापड सपाट, सुबक दिसतं, पण कडा वळतात. जाता-येता सुलटच विणलं तर कापडावर आडव्या लहरी उठतात, ते जाड होतं, उभं चांगलं ताणलं जातं आणि त्याला उलटी बाजूच राहत नाही. लोकर मात्र जास्त खातं. वहीत हिशेब केला तेव्हा टाके २३ हजारांच्या आसपास निघाले. आकडा मोठा वाटतो. रोज दुपारी लेक पडून राहायची, मी तिच्या उशाशी खुर्ची घेऊन बसायची, आणि टाके होत जायचे.

आई नाशिकरोडची. माझे आजोबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की नोटा आणि पोस्टाची तिकिटं जिथे छापतात ती प्रेस, वेगळं सांगावं लागत नाही. शेजारी देवळालीच्या तोफखान्यातल्या एका सुभेदाराचं पंजाबी कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंनी आईला विणायला शिकवलं. शिकवणं हिंदीत झाल्यामुळे आईच्या तोंडी कायम 'फंदा' हा शब्द राहिला. टाका म्हणजे शिवणातला, सुईवरचा तो फंदा, असं ती म्हणायची. सुलट आणि उलट हे शब्द तेवढे तिने मराठीत आणले.

१९६२ साली चीनचं आक्रमण झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. गावोगावच्या बायका जवानांसाठी विणायला बसल्या होत्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं घराघरांत म्हटलं जात होतं, आणि पुढच्याच वर्षी ते नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. आईच्या वाट्याला हिरवट खाकी लोकर आली होती. बिनबाह्यांचे स्वेटर आणि कानटोप्या करायच्या होत्या. तिच्यापुढे प्रश्न एकच होता: माप कुणाचं घ्यायचं? जो घालणार तो कोण, कुठल्या गावचा, अंगानं केवढा, काहीच माहीत नाही. शेवटी तिने आपल्या थोरल्या भावाला उभं करून त्याच्या छातीचं माप घेतलं आणि त्यात दोन बोटं वाढवली. हे ती पुढे खूप वेळा सांगायची, आणि दर वेळी सांगताना स्वतःच्या दोन बोटांकडे बघायची. आम्हा भावंडांचे बाळपणीचे स्वेटर तिने असेच केले, आम्ही पोटात असताना. न पाहिलेल्या अंगासाठी विणायचं म्हणजे कुणातरी माहीत असलेल्याचं माप घ्यायचं आणि त्यात जागा ठेवायची.

दुपारी लेकीच्या उशाशी बसून विणताना माझ्या मनात एक शब्द सारखा यायचा. वीण. कापडाची वीण, स्वेटरची वीण. आणि पक्ष्यांचा विणीचा हंगाम म्हणतो तीही वीण. गाय विते, शेळी विते. धाग्यातून कापड होणं आणि पोटातून जीव येणं यांना आपल्या भाषेत एकच अक्षरं आहेत. दोन्हींची मुळं वेगवेगळी असतील, ते भाषेच्या जाणकारांनी सांगावं. मला मात्र समोर झोपलेल्या लेकीचं पोट आणि मांडीवरचा पिवळा तुकडा एकत्र बघताना तो शब्द एकच वाटायचा.

लोकर मेरिनोची होती. हात लावला की कळायचं. मेरिनो मेंढीचा केस साधारण २० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजारांश भागांच्या, आसपास किंवा त्याहूनही बारीक असतो. लोकर टोचते ती तिच्या जाड केसांमुळे. जाड केसाचं टोक कातडीवर टेकलं की वाकत नाही, रुततं. बारीक केस वाकून जातो. शिवाय लोकरीचा केस मूळचाच नागमोडी. त्या वळणांत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच ऊब देते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. बाळ लाळ गाळतं, दूध ओकतं, घामेजतं, तेव्हा हा गुण कामाला येतो. दुकानात बेबी वूल म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. ते धुवायला सोपं, रंगाला पक्कं, खिशालाही परवडतं, आणि कितीतरी बाळं त्यात सुखानं वाढली आहेत, माझी लेकही. फक्त ते शेगडीजवळ नेऊ नये. आच लागली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. लोकर जळायलाच नाखूश असते.

आपल्याकडची दख्खनी मेंढी वेगळी. तिची लोकर भरड आणि पुष्कळदा काळी. धनगर ती कातरतात, सनगर मागावर तिचं घोंगडं विणतात. पावसात, रानात, जमिनीवर अंथरायला त्यासारखं दुसरं काही नाही, पण बाळाच्या अंगाला ते लावता येत नाही. त्यातही एक घोंगडी मऊ असते. कोकराची पहिल्यांदा कातरलेली जी लोकर, तिची. तिला जावळाची घोंगडी म्हणतात. बाळाचे जन्माचे केस ते जावळ आणि कोकराची पहिली लोकर तेही जावळ. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन आईला सांगितलं होतं, आणि तिने विणता विणता सुया खाली ठेवल्या होत्या.

आमच्या घरात बाळ यायच्या आधी त्याच्या नावानं काही पुरं करत नसत. कापायचं, शिवायचं, विणायचं, पण शेवटचं काहीतरी ठेवायचं. आई स्वेटरला चार बटणं लावायची आणि पाचवं कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवायची. बाळ हाती आलं की मग पाचवं. पहिले कपडे तर जुन्या पातळाचेच असायचे. पन्नास वेळा धुऊन मऊ झालेलं सुती पातळ फाडून त्याची दुपटी आणि लंगोट व्हायचे. मी या गोष्टी पाळते का, असं लेकीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, पाळते. का पाळतेस, असं तिनं विचारलं नाही. ती माझीच मुलगी आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंग पूर्ण झालं. उजवी बाही झाली. दुसऱ्या बाहीचे टाके उचलायचे बाकी होते. त्या रात्री लेकीचं पाणी गेलं. तेहतिसावा आठवडा चालू होता.

पहाटे मुलगी झाली. १ किलो ६५० ग्रॅम. रडली, हे ऐकून मी भिंतीला टेकले. तिला लगेच आत नेलं, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. मला ती दिसली ती काचेतून, दुपारी. आडवे केलेले दोन हात एकत्र ठेवले तर त्यांत मावेल एवढी. अंगावर कातडी सैल, जणू तिलाही मोठ्या मापाचा कपडा घातला होता. त्या क्षणी मला ४५ सेंटिमीटरचा घेर आठवला. मी त्यात दोन महिन्यांची वाढ धरली होती, आणि ती तर जवळजवळ दोन महिने आधीच आली होती.

सिस्टर बाहेर आल्या. "आजी," त्या म्हणाल्या. मी मागे वळून पाहिलं नाही, पण कळायला एक क्षण लागला. "घरचं मऊ टोपडं असेल तर आणा. तीन लागतील. एक डोक्यावर, एक धुवायला, एक वाळत. नाडी नको, गोंडा नको, जाळीची नक्षी नको. आतून सुटे धागे नकोत."

त्यांनी कारणंही सांगितली. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या पाठीत, खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती एक तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब करतं. ही चरबी शेवटच्या आठवड्यांत साठते. आधी आलेल्या बाळाकडे ती पुरेशी नसते. आणि डोकं शरीराच्या मानानं एवढं मोठं की तिथून ऊब भराभर निघून जाते. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या मधे राहायला हवं. त्याखाली गेलं की श्वास, साखर, वजन सगळंच डगमगायला लागतं. जाळीची नक्षी नको कारण बाळाची बोटं भोकात अडकतात. सुटा धागा नको कारण तो बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त थांबतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. मी पूर्वी विणायची तेव्हा कितीतरी बाळांना जाळीच्या नक्षीचे हातमोजे विणून भेट दिले होते. त्या दिवसापासून एकही नाही.

डोक्याचा घेर त्यांनी मोजून सांगितला. ३० सेंटिमीटर.

घरी आले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. दुकानं बंद, आणि उघडी असती तरी इतकी मऊ लोकर मेनरोडवर हमखास मिळाली असती असं नाही. माझ्याकडे होती ती स्वेटरचीच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेला गुंडा ठेवला. ३६ ग्रॅम. दुसऱ्या बाहीला बारा-तेरा ग्रॅम लागणार होते. एका टोपड्याला दहा. तिन्ही टोपडी केली तर बाहीला पुरणार नव्हती. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

लोकरीची वीण ताणली जाते, म्हणून टोपडं डोक्यापेक्षा थोडं लहान करतात. मी २६ सेंटिमीटर धरलं, ७२ टाके. शिवण कुठेच नको म्हणून दोन्हीकडे टोकं असलेल्या मोज्यांच्या सुया काढल्या आणि गोल विणायला घेतलं. कड दोन सुलट, दोन उलट, म्हणजे कपाळावर न रुतता धरून राहते. वरती निम्म्यावर आल्यावर घालून कशावर बघायचं? फळीवरचे नारळ काढले. टेप लावला. एक ३१ भरला. त्याची शेंडी काढली, पुसला, आणि त्याच्यावर ते पिवळं टोपडं घातलं. नीट बसलं. कितीतरी वेळ मी तो नारळ मांडीवर घेऊन बसले होते. नारळाला हात लावताना सुद्धा तो आपोआप हळू लागत होता.

पहिलं टोपडं रात्री एकच्या सुमारास झालं, दुसरं पहाटे. तिसरं दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर. धुऊन, वाळवून, आतून प्रत्येक टोक ओवून, उलटं करून दिव्याखाली तपासून दिलं.

मग मी एक गोष्ट पाहिली. जावई मुंबईहून रात्रीच आला होता. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी त्याला आत बोलावलं, अंगरखा बदलायला सांगितला आणि पुढून उघड्या गाऊनमध्ये आरामखुर्चीत बसवलं. लेक अजून अंथरुणातच होती, तिला ताप होता. त्याच्या उघड्या छातीवर त्यांनी बाळ ठेवलं, उभं, बेडकासारखे हातपाय दुमडून, मान एका बाजूला वळवून. अंगावर फक्त लंगोट आणि माझं टोपडं. वरून दोघांभोवती कापड बांधलं. मी काचेबाहेर होते. सासूसमोर तो कधी बाह्या दुमडूनही बसला नव्हता. त्या दिवशी त्याला माझं भानही नव्हतं. त्याने श्वास घ्यायचंही जरा थांबवलं होतं, मग सिस्टर काहीतरी म्हणाल्या आणि त्याची छाती वर-खाली व्हायला लागली. पिवळं टोपडं तिच्याबरोबर वर-खाली होत होतं.

याला कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७८ साली एदगार रेय या बालरोगतज्ज्ञांनी हे सुरू केलं. तिथल्या सरकारी प्रसूतिगृहात बाळं जास्त आणि त्यांना उबेत ठेवायच्या पेट्या (इन्क्युबेटर) कमी, एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत, संसर्ग होई. त्यांनी आईच्या अंगाचीच पेटी केली. पुढे नायजेरिया, घाना, टांझानिया, मलावी आणि भारत अशा पाच देशांतल्या रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरलं तर, आधी स्थिर होईपर्यंत वाट बघण्याच्या तुलनेत, पहिल्या महिन्यातले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. आमची १ किलो ६५० ची. मी तो आकडा दोनदा वाचला.

लेकीचा ताप उतरल्यावर बाळ तिच्या छातीवर असायचं, रात्री बाबाच्या. दोन तास एका दिवसात, मग चार, मग आठ. एका दुपारी माझीही पाळी आली. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. मी तिचे श्वास मोजत होते, जसे टाके मोजते तसे, आणि मधे हरवले की पुन्हा पहिल्यापासून.

एकोणिसाव्या दिवशी ती घरी आली. १ किलो ९८०. डिसेंबरचा मध्य होता, निफाडचा पारा रोज वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येत होता, तिकडे द्राक्षबागांत शेतकरी रात्री शेकोट्या पेटवून घडांना थंडीपासून वाचवत होते. माझ्या मोठ्या आत्याचा फोन आला: धुरी दे, वेखंड लाव, शेक दे. तिचं वय ८६ आहे आणि तिने अकरा बाळंतपणं केली आहेत, स्वतःची आणि दुसऱ्यांची. तिला मी सांगितलं, आत्या, या बाळाच्या फुप्फुसांना धूर चालणार नाही, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग छातीशी धर. आम्ही कमी दिवसांची पोरं अशीच जगवली. कापसात गुंडाळून पदराखाली." बोगोताचं नाव तिने ऐकलेलं नाही.

स्वेटर तसाच होता, एका बाहीचा. तिच्या अंगावर धरून बघितला तर तिच्या पायांखाली चार बोटं लोंबत होता. मी तो परत पेटीत ठेवला. घरात आपल्या अंगावर असेल त्यापेक्षा एक थर जास्त, एवढंच ठेवायला सांगितलं होतं. मानेच्या मागे हात लावून बघायचं, घाम असेल तर थर कमी. वजन नीट वाढायला लागलं तसं झोपताना टोपडंही काढायला सांगितलं, कारण जादा झालेली ऊब बाळ डोक्यातूनच बाहेर टाकतं.

माघात बारसं केलं. बाळंतविड्यात विकतचे सहा स्वेटर आले, सगळे सहा महिन्यांच्या मापाचे, सगळे सुरेख.

लेकीनं तीच लोकर पुन्हा मागवली होती. तोच क्रमांक, तोच रंग. गुंडा आला, तो उजेडात नेला आणि कळलं. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाखाली लॉटचा क्रमांक असतो. एका कढईत एका वेळी जेवढी लोकर रंगवतात तो एक लॉट. पुढच्या कढईत तोच रंग, तेवढाच घालूनही, पाण्यानं, तापमानानं छटा किंचित बदलते. हा पिवळा आंब्याच्या मोहोराकडे झुकणारा होता. दोन लॉट एकत्र वापरायचे तर दोन ओळी यातल्या, दोन त्यातल्या असं विणत जातात, मग डोळ्याला फरक लागत नाही. पण त्यासाठी अख्खा स्वेटर उसवावा लागला असता.

उसवणं मला परकं नाही. आमच्या घरात स्वेटर टाकून देत नसत, उसवत. लोकरीचं विणकाम हे बहुधा एकच कापड असेल जे परत धागा होऊ शकतं. आई गळ्याकडचं टोक शोधायची, ओढायची, आणि ओळीमागून ओळ तुरतुर सुटत यायची. आम्ही खुर्चीच्या पाठीवर तो धागा गुंडाळायचो. नागमोडी धागा, प्रत्येक टाक्याचं वळण जसंच्या तसं अंगात धरून. मग लड करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून दांडीवर टांगायची आणि खाली पाण्यानं भरलेला तांब्या अडकवायची. दोन दिवसांत वळणं सुटायची. माझ्या थोरल्या भावाचा निळा स्वेटर असा तीन वेळा उसवला गेला. त्याचा मोठा झाला, मग दुसऱ्या रंगाचे पट्टे घालून माझा झाला, शेवटी धाकट्याचे मोजे आणि कानटोपी. लोकर तीच, अंगं बदलत गेली.

पण हा स्वेटर मला उसवायचा नव्हता. तिच्या थंडीला आता दिवस थोडे उरले होते. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते. शिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. मी मोहोराच्या पिवळ्यानं डाव्या खांद्यापाशी टाके उचलले आणि चार संध्याकाळी दुसरी बाही विणली. सुईवरून शेवटचा टाका काढला तेव्हा लेक बाळाला पाजत होती. दोन बाह्या शेजारी शेजारी धरून तिला दाखवल्या. "दिसतोय ना फरक?" मी विचारलं. तिने बघितलं. "दिसतोय," ती म्हणाली. "राहू दे."

पाचवं बटण मी त्या रात्री लावलं.

दर आठवड्याला तिच्या अंगावर स्वेटर धरून बघायचे. जानेवारीत तो गुडघ्यांपर्यंत यायचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मांड्यांपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात चार किलोची झाली आणि खांद्याची शिवण खांद्याच्या थोडीशीच खाली उतरत होती, बाह्या एक घडी दुमडल्या की मनगट दिसत होतं.

तीन महिने होत आले होते. सासरी मुंबईला निघायचं होतं. ऊन चढायच्या आत घाट उतरावा म्हणून पहाटे साडेपाचला गाडी बोलावली. बाहेर गारवा होता, अंगणात पाय ठेवला की जाणवणारा. लेकीनं बाळाला मांडीवर आडवं घेतलं, मी स्वेटर पसरला, तिला त्याच्यावर ठेवलं आणि एकेक बाजू तिच्याभोवती आणली. आधी उजवी बाही, मग डावी. माझं बोट बाहीच्या तोंडातून आत घालून तिची मूठ धरली आणि हळूच बाहेर आणली. तिने जांभई दिली. पाच बटणं लावली.

गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. मग आत येऊन चहा ठेवला, घेतला नाही, पेटी आवरायला बसले. सुया वर्तमानपत्रात गुंडाळल्या, नवीन रबर लावलं.

सात वाजून गेल्यावर फोन आला. मागे गाडीचा आवाज होता.

"आई, कसारा उतरलो. खाली चांगलंच उकडतंय. स्वेटर काढला."

"मान ओली होती का?"

"नाही, आधीच काढला. झोपलीच आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "घालून दीड तास झाला असेल गं. पुढच्या थंडीला तर अजिबात बसायचा नाही. परत पाठवू का? उसवून मोठा करशील?"

मी मनात हिशेब केला. वर्षाच्या बाळाची छाती पंचेचाळीस, त्यात मोकळीक. नवा गुंडा निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, म्हणजे दोन्ही लॉट मिसळून, दोन ओळी यातल्या, दोन त्यातल्या.

"आत्ता नको," मी म्हटलं. "दिवाळी जवळ आली की तिच्या छातीचं माप घे आणि कळव. झबल्यावरून घे, आणि दोन बोटं आत घालून घे."